मिशनच्या शिबिराला मुलाला पाठवू का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा गोषवारा येथे देत आहोत. चार वर्षांपूर्वी, नापिकी आणि कर्जाच्या काळात, त्यांच्या पतीने आपले जीवन संपवले. पदरी दोन मुले आहेत: मुलगा १३ वर्षांचा, नुकतीच सातवीची परीक्षा दिलेला, मुलगी १६ वर्षांची, दहावीच्या निकालाची वाट पाहणारी. दोन एकर कोरडवाहू वावर थोरल्या दिरांच्या वावरासोबतच वाहिले जाते आणि या भगिनी स्वतः मजुरीला जातात. तालुक्याच्या गावी एका चर्चने वडील नसलेल्या मुलामुलींसाठी मे महिन्यात २१ दिवसांचे निवासी शिबिर ठेवले आहे. तिथे घरगुती वायरिंग, सुतारकाम, शिवणकाम आणि दुचाकी दुरुस्ती शिकवणार आहेत. राहणे-जेवणे विनामूल्य असून शेवटी प्रत्येकाला थोडी हत्यारेही देणार आहेत. बचत गटातील एका मैत्रिणीने अर्ज घरी आणून दिला. मुलगा जायला उत्सुक आहे. सासूबाई म्हणतात, मिशनवाले पोराला बाटवतील. थोरले दीर म्हणतात, जातीचा दाखला जाईल आणि पुढच्या सवलती बंद होतील. शिवाय उन्हाळवाहीच्या दिवसांत वावरात हाताशी कोणीतरी हवे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "फुकट शिकवतात म्हणजे बदल्यात काही मागतीलच ना? पण पोरगा कामधंदा शिकला तर दोन-तीन वर्षांत घराला हातभार लागेल. घरात तोच एक पुरुष आहे. वडील आजाराने गेले असेच त्याला सांगितले आहे. मी काय करू?"

ताई,

तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून आधी सरळ उत्तर. शिबिराची जागा स्वतः पाहून या, पुढे लिहिलेल्या काही गोष्टी तिथे विचारा, आणि उत्तरांनी समाधान झाले तर मुलाला जाऊ द्या. समाधान झाले नाही तर पाठवू नका, आणि संधी गेली म्हणून स्वतःला दोषही देऊ नका. मात्र ज्या आशेने तुम्ही त्याला पाठवू पाहत आहात ती मला खटकते, आणि ज्या भीतीने घरची माणसे अडवत आहेत तीही मला पूर्णपणे पटत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाखल्याचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत सोपा आहे. एखाद्या धर्माच्या लोकांनी चालवलेल्या शिबिरात राहिल्याने, जेवल्याने, तिथली गाणी म्हटल्यानेसुद्धा कोणाचा धर्म बदलत नाही आणि जातीचा दाखला रद्द होत नाही. तसे असते तर मिशनच्या शाळांत शिकलेल्या कितीतरी पिढ्यांचे दाखले केव्हाच गेले असते. थोरल्या दिरांचे बोलणे अगदीच हवेतले आहे असेही नाही. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाच त्या यादीचा लाभ मिळतो, त्यामुळे त्या प्रवर्गातील व्यक्तीने खरोखर ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. तुमचे कुटुंब कोणत्या प्रवर्गातील आहे हे मी येथे लिहीत नाही. ते कोणत्याही प्रवर्गातील असले तरी १३ वर्षांच्या मुलाने २१ दिवस वायरिंग शिकणे म्हणजे धर्म स्वीकारणे नव्हे, एवढे दिरांना निःशंकपणे सांगा.

आता फुकट शिकवण्याबद्दल. ही शंका योग्य आहे, आणि ती केवळ ख्रिस्ती लोकांबद्दल नव्हे, तर विनामूल्य काही देणाऱ्या प्रत्येकाबद्दल यायला हवी. निवडणुकीच्या आधी साड्या वाटणाऱ्यांबद्दलही ती आली तर बरेच होईल. या शिबिराच्या बाबतीत त्यामागची प्रेरणा समजून घेतली तर भीती थोडी आटोक्यात येईल. अनाथांची आणि विधवांची त्यांच्या संकटात काळजी घेणे हीच निर्मळ धर्माचरणाची खूण, असे ख्रिस्ती धर्मग्रंथात याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे बाप नसलेले मूल हा त्या धर्मात फार जुना आणि पहिल्या मानाचा विषय आहे. हाताच्या कामाबद्दलही तेच. येशू सुताराच्या घरात वाढला आणि स्वतः सुतार म्हणून ओळखला जात असे. पौल तंबू शिवून पोट भरत असे. इटलीतील तुरीन शहरातले पाद्री डॉन बॉस्को यांचे वडील ते दोन वर्षांचे असतानाच वारले होते. त्यांनी १८५३ पासून तिथल्या निराधार मुलांसाठी चांभारकाम आणि शिवणकामाच्या, पुढे सुतारकाम आणि छपाईच्या कार्यशाळा काढल्या; त्यांच्या परंपरेतल्या तंत्रशाळा आज भारतातही अनेक ठिकाणी आहेत. तुमच्या तालुक्यातल्या चर्चने हा विषय निवडला यात म्हणूनच मला काही विचित्र दिसत नाही. तुमच्या जिल्ह्याला हे लोक नवखेही नाहीत. पांढरकवड्याकडच्या उमरीच्या मिशन दवाखान्यात उपचार घेतलेले लोक तुमच्याही नात्यागोत्यात निघतील, आणि १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे पाद्री घडवणारे एक मोठे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय यवतमाळ शहरातच होते.

याचा अर्थ तिथे धर्माचा वाराही लागणार नाही असा नाही, आणि तसे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. सकाळी प्रार्थना असेल, संध्याकाळी गाणी असतील, जेवणापूर्वी डोळे मिटून दोन वाक्ये म्हटली जातील. अशा शिबिरांचा हा नेहमीचा दिनक्रम असतो. मनात कसलीही लबाडी नसलेला, मनापासून श्रद्धा असलेला माणूसही आपल्याला जे मोलाचे वाटते ते समोरच्यालाही मिळावे असे मानतो. प्रश्न एवढाच की ते सांगणे कुठे थांबते.

या बाबतीत महाराष्ट्राला एक जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांना आणि मुलींना शिकवण्यासाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वाद पेटला, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलत होत्या असे मला वाटते. जबरदस्ती झाली नव्हती हे खरे. ज्या बाईने प्रेमाने जवळ घेतले तिच्या देवाकडे मुली ओढल्या गेल्या हेही खरे. गोष्ट तिथेच संपत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, म्हणजे त्या वेळी नागपूर, वर्धा, चांदा हे आपले जिल्हे ज्या प्रांतात होते तिथे, आणि भुकेने मरणाऱ्या मुली आणि बायका त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला नेल्या. त्यांना त्यांनी विणकाम, शेती, तेल काढणे, छपाई असे पोट भरण्याचे काम शिकवले. त्या मुलींपैकी अनेक ख्रिस्ती झाल्या. त्या जगल्याही, आणि ज्या काळात विधवेला कोपऱ्यात बसवत त्या काळात छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. सासूबाईंची भीती या इतिहासाशी जोडलेली आहे, म्हणून तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावू नका.

दुसरे उदाहरणही याच मातीतले आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची धुरा तमिळ मुलखातून आलेल्या जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. वर्ध्यातल्या मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशीपालन असे गावात चालणारे उद्योग उभे राहिले ते त्यांच्या देखरेखीखाली. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि त्यांच्याकडे घाणी शिकायला येणाऱ्याने कोणता देव मानावा याच्याशी त्या घाणीचा काही संबंध नव्हता. तेव्हा शिकवणारा ख्रिस्ती आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या तालुक्यातले हे शिबिर नेमके कसे आहे ते तिथे जाऊनच कळेल.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो, कारण घरात चर्चा होईल तेव्हा ते तुमच्या हाताशी असावे. आपल्या राज्यघटनेने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. घटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. शिबिर ही मान्यताप्राप्त शाळा नसल्यामुळे हे कलम तिथे जसेच्या तसे लागू होईल असे नाही. तरी हीच अट तुम्ही आई म्हणून घालू शकता, आणि भल्या हेतूचे आयोजक ती मान्य करतील. ती ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडेल त्यांच्याकडे मुलाला ठेवू नका.

धर्मापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका छोट्या वाक्याची. वडील आजाराने गेले असे मुलाला सांगितले आहे, असे तुम्ही लिहिता. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता. दारात पोलीस पाटील आले, पंचनामा झाला, तलाठी कागदपत्रे मागत राहिले. पुढची चार वर्षे तो त्याच गावात, त्याच शाळेत वावरला. त्याला खरे माहीत नसेल असे मला वाटत नाही. बहुधा त्याला माहीत आहे, आणि तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून तो माहीत नसल्यासारखा वागतो आहे. शिबिरात सगळी मुले बाप गमावलेली असतील. दिवे मालवल्यावर सतरंजीवर पडल्या पडल्या ती एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारतील की तुझे बाबा कशाने गेले. त्या प्रश्नाला तुमचा मुलगा एकटा सामोरा जाऊ नये. शिवाय ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवातच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे. बाप घरी असलेल्या मुलाच्या कानावरून ते शब्द सहज निघून जातील. ज्याचा बाप गेला आणि ज्याच्याशी त्याबद्दल घरात कोणी बोललेच नाही, त्याला ते फार खोलवर लागू शकतात. घरी ज्या जागेबद्दल कोणी बोलत नाही, ती जागा बाहेरचा जो कोणी प्रेमाने बोलेल तो भरतो, मग ते चर्च असो, एखादे बाबा-महाराज असोत, की चौकातली टोळी. सासूबाईंना ज्या गोष्टीची धास्ती आहे तिच्यावरचा उपाय अर्ज फाडण्यात नाही. तो या बोलण्यात आहे.

म्हणून तो शिबिराला जावो अथवा न जावो, त्याआधी एका शांत संध्याकाळी दोन्ही मुलांना जवळ बसवा. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, म्हणजे हे ओझे तीही इतकी वर्षे मुकाट्याने वाहते आहे. लांबण लावू नका आणि प्रसंगाचे वर्णन करू नका. एवढेच सांगा की बाबांवर कर्जाचा फार ताण होता, त्यांचे मन आजारी पडले होते, मदत मागणे त्यांना जमले नाही आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. यात तुमची दोघांची काही चूक नव्हती आणि माझीही नव्हती. शेवटचे वाक्य गाळू नका. मुले बहुतेक वेळा नेमके तेच मनात धरून बसलेली असतात. नंतर ती काही विचारतील तेव्हा जेवढे विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्या. ती रडली तर रडू द्या, आणि तुम्हाला रडू आले तरी बिघडत नाही. बोलल्यावर मुलाची झोप उडाली, तो खाईनासा झाला किंवा गप्प गप्प राहू लागला, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

आता तुमच्या आशेकडे वळतो. घरात तोच एक पुरुष आहे, म्हणून तो लवकर कामाला लागावा, असे तुम्हाला वाटते. ताई, तो १३ वर्षांचा आहे. चार वर्षे हे घर चालवले ते तुम्ही. मजुरी तुम्ही केली, मुलांच्या वह्या तुम्ही आणल्या, सावकाराच्या माणसाशी ओट्यावर उभे राहून बोललातही तुम्हीच असाल. घराचा कर्ता माणूस घरात आहेच. मुलाला ती जागा रिकामी असल्याचे सांगितले की तो ती भरायला धावेल, आणि शाळा सोडणे हा त्याला सर्वांत जवळचा रस्ता दिसेल. विदर्भात अशी मुले मी पाहिली आहेत: आठवी-नववीत शाळा सुटते, वर्षभर कोणाच्या गॅरेजात पाने-पेचकस देण्याचे काम, मग लग्नसराईत मंडप बांधणे आणि वाढपीकाम, आणि विशीत पोहोचेपर्यंत हातात ना धड कसब ना कागद. एकवीस दिवसांत कोणीही वायरमन होत नाही. चांगला शिकवणारा भेटला तर त्या दिवसांत मुलगा टेस्टर धरायला शिकेल, फेज आणि न्यूट्रल ओळखेल, लाकडी फळीवर बटण, होल्डर आणि सॉकेट जोडील, रंधा सरळ चालवील, मापाच्या पट्टीवरचे सेंटीमीटर आणि इंच वाचील. ते थोडे नाही. आपल्या हाताला काही जमते हे एकदा कळले की अशा मुलाची मान जरा ताठ होते, आणि गणितातल्या अपूर्णांकाचा उपयोगही त्याला पहिल्यांदा दिसतो. पण त्याच्या जोरावर कमाईची अपेक्षा केली तर कमाईही होणार नाही आणि शाळाही जाईल.

खरे कसब आणि त्याचा कागद हवा असेल तर दहावीनंतर आयटीआय आहे. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम तिथे दोन वर्षांचा असतो, वेल्डर आणि शिवणकामाचे एक वर्षाचे आहेत, आणि सरकारी संस्थांचे शुल्क मजुरी करणाऱ्या घरालाही झेपते. शिबिराचा उपयोग आताच्या वयात एवढाच करा की त्याला कशात गोडी आहे ते दिसावे. गावात मोटारपंपाचे वाइंडिंग, ठिबकच्या जोडण्या, फवारणी पंपाची दुरुस्ती यांना मागणी राहणार आहे, पण त्याला कदाचित लाकूडच आवडेल. ते त्याला ठरवू द्या. शिबिर संपल्यावर 'सरावासाठी' एखाद्या दुकानात ठेवतो असे कोणी म्हणाले, तर नाही म्हणा. १४ वर्षांखालील मुलाला परक्याच्या दुकानात किंवा कारखान्यात कामाला ठेवणे बालकामगार कायद्याने बंद आहे, आणि १४ ते १८ वयातही धोक्याच्या कामांना मनाई आहे. शिबिरात मुलांनी केलेल्या वस्तू विकल्या जातात का, तेही विचारा. विकत असतील तर ते शिकणे राहत नाही.

आणि मुलगी? तुमच्या पत्रात तिच्यावर एकच ओळ आहे. शिबिर मुलामुलींसाठी आहे असे तुम्हीच लिहिले आहे, वडील तिचेही गेले आहेत, दहावीचा निकाल लागेपर्यंत ती घरीच आहे, तरी तिला पाठवू का हा प्रश्न तुमच्या मनात आला नाही. तिला शिवणकामच शिकवायचे असेही काही नाही. दुचाकी दुरुस्त करणारी किंवा घरात वायरिंग करणारी मुलगी तालुक्यात दुर्मीळ आहे, म्हणून तिला काम मिळणार नाही हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात आणि त्या तिला निकालानंतर लगेच मिळू शकतात. तिच्या लग्नाची बोलणी घरात सुरू झाली असतील, असा मला अंदाज येतो. १८ च्या आत ते बेकायदेशीर आहे एवढेच येथे लिहितो. दोघे बहीण-भाऊ एकाच शिबिरात गेले तर तुमची अर्धी काळजी कमी होईल, आणि रात्री तो प्रश्न विचारला जाईल तेव्हा त्याच आवारात त्याचे माणूस असेल.

थोरल्या दिरांशी कसे बोलावे हे सोपे नाही, कारण तुमचे वावर त्यांच्या वखरावर चालते आणि उद्या तेच अडले तर पेरणीच अडेल. कायद्याने वडिलांनंतर अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक आई असते. १९५६ चा पालकत्वाचा कायदा हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन कुटुंबांना हेच सांगतो. तेव्हा सही तुमची, निर्णय तुमचा. तरी हे वाक्य घरात तोंडावर फेकू नका. ते मनात असले की पुरते. दिरांनी धर्माचा मुद्दा काढला तर त्यांना शिबिराची जागा बघायला सोबत घेऊन जा. पाहून आल्यावर बऱ्याच माणसांचा सूर बदलतो, आणि नाही बदलला तरी त्यांना विचारले गेले याचा मान राहतो. वावरातल्या कामाबद्दल वेगळे बोला. शिबिर संपल्यावरही, आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे तीन-चार आठवडे शिल्लक राहतात. पऱ्हाट्या गोळा करायला, धुरे साफ करायला तो काकांना सकाळच्या वेळी हात लावू शकेल. धर्माची काळजी खरी किती आणि हक्काचा गडी जाण्याची काळजी किती, हे या बोलण्यातून तुम्हाला आपोआप कळेल. सासूबाईंना मात्र वेगळी ग्वाही लागेल. त्यांनी एक मुलगा गमावला आहे, आता नातू परका होईल ही त्यांची भीती आहे. निघताना नातवाला त्यांच्या हातूनच देवापुढे अंगारा लावू द्या, आणि रोज संध्याकाळी तो आजीला फोन करील अशी अट शिबिरवाल्यांना घाला.

पाहायला जाल तेव्हा कामाच्या वेळेत, न सांगता जा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता सुतारकाम घेणार असतील तर बाकी काही विचारण्याची गरज नाही. हाताने करायचे काम सकाळी, दुपारी सावलीत विश्रांती, प्यायच्या पाण्याची सोय, जवळचा दवाखाना, हे बघा. मुले-मुली कुठे झोपतात, मुलींकडे रात्री कोण बाई असते, बाहेरचे पुरुष आत येऊ शकतात का, संडास-न्हाणीला कडी आहे का, हे बघताना संकोच करू नका. शिकवणारा कोण आहे ते विचारा. नुसता भक्त नको, रोज ते काम करून पोट भरणारा कारागीर हवा. वायरिंग चालू विजेवर शिकवतात की बंद फळीवर? गिरमिट आणि करवतीला किती मुलांमागे एक मोठा माणूस असतो? संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, असेल तर तिचा क्रमांक लिहून घ्या. दिवसाचे वेळापत्रक मागा आणि त्यात प्रार्थनेच्या वेळा बघा. ज्याला बसायचे नाही तो मुलगा त्या वेळी काय करतो, हे आयोजकांना नव्हे, तिथल्या एखाद्या मुलाला विचारा. आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी विचारत नाही. अशा संस्था देणगीदारांसाठी मुलांचे फोटो काढतात आणि खाली त्यांच्या घराची कहाणी छापतात. तुमच्या पतीचे मरण कोणाच्या तरी पत्रकावर मुलाच्या चेहऱ्याखाली छापले जाऊ नये. फोटो आणि कहाणी दोन्हींना तुमची परवानगी नाही, असे आधीच सांगा.

पाठवायचे नाही असे ठरले तरी उन्हाळा वाया जात नाही, आणि मुलांच्या शिक्षणाचा भार थोडा हलका करण्याचे काही मार्ग धर्माच्या वाऱ्यालाही जात नाहीत. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात पतीचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि आधार घेऊन जा. तुम्ही संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये घेत नसाल तर तलाठ्याकडे त्याचीही चौकशी करा. तुम्हाला स्वतःला काही शिकायचे असेल तर प्रत्येक जिल्ह्यात बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथे १८ वर्षांवरील ग्रामीण स्त्री-पुरुषांना राहण्या-जेवण्यासह विनामूल्य प्रशिक्षण देतात आणि बचत गटातील बायकांना तिथे प्राधान्य मिळते. हे मी शेवटी लिहीत असलो तरी मला ते शिबिरापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण घराला लवकर हातभार लावण्याचा प्रश्न तुमच्या मनात आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही स्वतः १३ वर्षांच्या मुलापेक्षा पुष्कळ लवकर देऊ शकता.

मुलाला पाठवलेत तर पहिल्या रविवारी भेटायला जा आणि त्याला एकट्याला थोडे फिरायला न्या. तो परत यायचे म्हणाला तर कारण न विचारता घेऊन या. कारण नंतर तोच सांगेल. त्याच्याकडून १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून घ्या. अर्जावर सही करण्यापूर्वी तिच्यावरच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहा: प्रार्थनेला बसणे मुलाच्या इच्छेवर राहील, त्याचा कोणताही धार्मिक संस्कार माझ्या लेखी परवानगीशिवाय केला जाणार नाही, आणि त्याचा फोटो किंवा घरची माहिती कुठेही वापरली जाणार नाही. त्याखाली आयोजकांचीही सही घ्या, आणि पूर्ण अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.